आडनाव नको, फोटो टाका

नमस्कार मंडळी.

घराण्याचा शोध सुरू करायचा म्हटलं की आपण आधी वंशवृक्षाच्या चौकटी भरायला घेतो. आजोबांपर्यंत गाडी जोरात जाते, पणजीच्या नावापाशी अडते. मग कुणीतरी फेसबुकवर एखाद्या समूहात विचारतं, ‘आमच्या आडनावाचे इथे कुणी आहेत का?’ ढीगभर लोक ‘मी, मी’ म्हणतात, कुणाचं कुणाशी नातं लागत नाही आणि दोन दिवसांत सगळं थंडावतं.

कागद शोधायच्या जागा वेगळ्या. फॅमिलीसर्च हे मोफत संकेतस्थळ घ्या. त्यामागची संस्था १८९४ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात सुरू झाली, १९३८ पासून तिने जगभरच्या जन्म-लग्न-मृत्यूसारख्या नोंदींच्या मायक्रोफिल्म (कागदांचे बारीक फोटो असलेल्या फिल्म) काढल्या आणि त्यातल्या सुमारे २४ लाख रिळांचं डिजिटल रूपांतर २०२१ मध्ये पूर्ण झालं. पण लग्नाच्या फोटोत डावीकडून तिसरी उभी आहे ती कोण, हे असल्या नोंदीत सापडत नाही. ते ज्यांना आठवतं ती माणसं आज व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फेसबुकवर आहेत. सोशल मीडियावर जायचं ते या माणसांसाठी.

म्हणून आडनाव नको, फोटो टाका. पुढची बाजू आणि मागचीही. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कुणाच्या तरी हस्ताक्षरात अर्धवट तारीख असते. चेहऱ्यांवर आकडे घाला, अंदाजे साल आणि गाव लिहा, प्रश्न एकच विचारा. प्रश्न विचारून लोक गप्प बसले, तर अंदाज बांधा: ‘क्रमांक ४ बहुधा धाकटी आत्या असावी.’ नातेवाईक उत्तर द्यायला आळस करतील, पण चूक दुरुस्त करायला रात्री अकरालाही जागे असतात! फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो आक्रसतो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. ज्येष्ठांना टाइप करायला लावू नका. व्हॉइस मेसेज मागा. एका नावाबरोबर चार हकिकती फुकट येतात.

फोटो कुठे टाकायचा? आडनावांच्या समूहांपेक्षा जुन्या शाळेचे, गावाच्या जुन्या छायाचित्रांचे, एखाद्या कारखान्यातल्या निवृत्त कामगारांचे समूह मला जास्त कामाचे वाटतात. शेजाऱ्यांना आपल्या घरातलं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आडनाव शोधाल तेव्हा देवनागरीत शोधाच, शिवाय रोमनमध्ये जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी शोधा.

बायकांची नावं हा या सगळ्यातला अवघड भाग. लग्नानंतर आडनाव बदललं की शोधात ती बाई दिसेनाशी होते. अशा वेळी वाढदिवसाच्या पोस्टखालच्या कमेंट वाचाव्यात. कुणी कुणाला आत्या म्हटलंय, कुणी मामी, यावरून घरं जोडता येतात. अर्थात ‘काका’ या शब्दावर विसंबू नका, आपण रिक्षावाल्यालाही काका म्हणतो.

आता मिळालेल्या उत्तराचं काय करायचं? त्याला पुरावा समजू नका. तिघांनी एकच नाव सांगितलं, तरी तिघांनीही ते एकाच मामाकडून ऐकलेलं असू शकतं. ‘तुम्हाला हे कुणी सांगितलं?’ हे प्रत्येकाला विचारा. गेनी किंवा विकीट्रीसारख्या संकेतस्थळांवर सगळे मिळून भरतात त्या सामायिक वंशवृक्षांतही कुणीतरी घातलेली चूक पुढचे दहाजण उतरवून घेतात. आणि उत्तर आलं की लगेच स्वतःच्या वहीत किंवा फाइलमध्ये टिपा: कोण म्हणालं, कधी, कुठे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. तिथल्या गप्पांत किती घराण्यांची माहिती पडून होती, देव जाणे.

हयात माणसांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. आईचं माहेरचं आडनाव हा अनेक बँकांचा सुरक्षा-प्रश्न असतो आणि आपण तेच वंशवृक्षात जन्मतारखेसकट जाहीर करतो. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए तपासणाऱ्या कंपनीची सुमारे १४ हजार खाती दुसरीकडून चोरलेले पासवर्ड वापरून उघडली गेली. पण नातेवाईक जुळवून देण्याच्या सोयीतून त्यामागोमाग जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. यातल्या बहुतेकांचा पासवर्ड कुणी चोरलेलाच नव्हता.

दत्तक, दुसरं लग्न, घर सोडून गेलेला भाऊ असल्या गोष्टी उघड कमेंटमध्ये विचारायच्या नाहीत. खासगी निरोप पाठवा आणि पहिल्याच ओळीत सांगा की मी कुणाचं नातवंड, तुमचं नाव मला कुणी दिलं. फेसबुकवर अनोळखी माणसाचा निरोप बहुधा ‘मेसेज रिक्वेस्ट’मध्ये जाऊन पडतो, तिथे कित्येकजण वर्षानुवर्षं फिरकत नाहीत. तेव्हा निरोप पाठवल्यावर दोघांच्या ओळखीच्या एखाद्या मावशीला गाठा आणि तिला त्यांना साधा फोन करायला सांगा: ‘अगं, तुला एक मेसेज आलाय, उघडून बघ. आपल्यातलंच आहे कुणी.’