एका झेपेच्या सरहद्दी

नकाशाच्या मधोमध पृथ्वी आहे. तिच्या चहूबाजूंना सुमारे पाचशे प्रकाशवर्षांपर्यंत माणसांनी वसवलेला मुलूख आणि त्यात दोन हजारांच्या आसपास नांदते ग्रह. हा ‘बॅटलटेक’ या खेळातला इनर स्फिअर. १९८४ साली अमेरिकेत टेबलावर खेळायचा खेळ म्हणून हे विश्व सुरू झालं. लोक येतात ते त्यातल्या अजस्र लढाऊ यंत्रांसाठी, पण मला विचाराल तर या विश्वाची खरी ताकद त्याच्या अंतरांमध्ये आहे.

इथलं जहाज एका झेपेत जास्तीत जास्त तीस प्रकाशवर्षं ओलांडतं. झेप क्षणात होते, वेळ जातो तो त्यानंतर. ताऱ्याच्या ध्रुवावर, ग्रहांपासून फार लांब जहाज थांबतं. किलोमीटरभर रुंदीचं शीड उलगडायचं, त्यावर ताऱ्याचं ऊन झेलायचं आणि इंजिन भरेपर्यंत साधारण आठवडाभर थांबून राहायचं. घाई केली तर इंजिन कायमचं जायची भीती. माणसं आणि माल घेऊन वेगळी जहाजं ग्रहाकडे निघतात, त्यात आणखी काही दिवस. राजधानीची कुमक सरहद्दीवर पोहोचेस्तोवर महिने लोटतात. अशा मुलखात तख्तावर कुणीही असो, कारभार स्थानिक सरदाराच्याच हाती राहणार.

पृथ्वीच्या सरकारला हे लवकर कळून चुकलं. दूरच्या वसाहतींनी बंड केलं आणि २२४२ मध्ये सरकारने आपली हद्दच तीस प्रकाशवर्षांवर आणून ठेवली. म्हणजे नेमकी एक झेप! त्यापलीकडचे ग्रह एका फर्मानाने स्वतंत्र झाले, मागितलं असो वा नसो. ज्यांचं पोट पृथ्वीच्या रसदीवर होतं, त्यांचे हाल झाले. या साऱ्या इतिहासातलं हे पान मला सर्वांत अस्सल वाटतं.

त्या पोकळीत पाच घराणी उभी राहिली: डेव्हियन, कुरिता, लिआओ, मारिक आणि स्टाइनर. लिआओंच्या राज्याला नाव मिळालं ते कॅपेला ताऱ्यावरून. आपण त्याला ब्रह्महृदय म्हणतो. हिवाळ्यात महाराष्ट्रातून उत्तरेकडे तो ठळक दिसतो. अंतर सुमारे ४३ प्रकाशवर्षं, म्हणजे दोन झेपा.

२५७१ मध्ये ही राज्यं स्टार लीगच्या छत्राखाली आली. ते छत्र २७८१ मध्ये मोडलं आणि पाचही घराणी तख्तासाठी एकमेकांवर तुटून पडली. जहाजं बांधणारे कारखाने बेचिराख झाले, बांधणारे कारागीरही गेले. मग शत्रूच्या झेप घेणाऱ्या जहाजावर तोफ डागायची नाही, असा अलिखित दंडक पडला. ग्रह लुटा, पाण्याचे शुद्धीकरण संच पळवा, पण जहाजाला हात लावू नका. फुटलेल्या जहाजाच्या जागी दुसरं मिळण्याची खात्री कुणालाच उरली नव्हती.