टीएशिपचं पत्र आलं, आता बोलण्याच्या परीक्षेचं काय?

नमस्कार मंडळी. ठाण्यात, ऐरोलीत, नेरुळला सध्या बऱ्याच घरांत अमेरिकेच्या युनिव्हर्सिटीची पत्रं येतायत. पत्रात टीचिंग असिस्टंटशिप म्हणजे टीएशिप असते, आपण शिकता शिकता तिथल्या खालच्या वर्गांना शिकवायचं काम. ट्यूशन माफ, वर महिन्याला स्टायपेंड. सगळे आकडे बघतात आणि खालची एक ओळ वाचायची राहून जाते. त्या ओळीत लिहिलेलं असतं की ही नेमणूक तोंडी इंग्रजीची अट पूर्ण केल्यावरच पक्की होईल. आजचा व्हिडिओ त्या एका ओळीबद्दल आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ॲडमिशनची इंग्रजीची अट आणि टीएची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲडमिशनला टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा एकूण स्कोअर चालतो. टीएसाठी फक्त स्पीकिंगचा स्कोअर बघतात. रीडिंगमध्ये पैकीच्या पैकी असले तरी इथे त्याचा उपयोग नाही. पर्ड्यू युनिव्हर्सिटीचं उदाहरण घ्या. तिथे टोफेल स्पीकिंगला जुन्या ३० च्या पट्टीवर २७ किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेत स्पीकिंगला ८ असतील, तर युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या तोंडी परीक्षेतून सूट मिळते. कमी असतील तर ती परीक्षा द्यायची आणि ६० पैकी ५० मिळवायचे. यूसीएलएच्या परीक्षेचं नाव टॉप, तिथे ७.१ ला स्पष्ट पास. प्रत्येक युनिव्हर्सिटीची परीक्षा वेगळी, पट्टी वेगळी, म्हणून मित्राचा आकडा आपल्याला लावू नका.

आणखी एक. जानेवारी २०२६ पासून टोफेलचं स्वरूप बदललं आणि गुण १ ते ६ च्या पट्टीवर आले. त्यामुळे युनिव्हर्सिटीच्या पानावर २४, २६, २७ असे आकडे दिसले तर ते जुन्या पट्टीतले आहेत हे ओळखा आणि नव्या पट्टीवर किती लागतात ते ई-मेल करून विचारा.

ही अट आली कुठून? १९८० च्या दशकात अमेरिकेत पहिल्या वर्षाची मुलं आणि त्यांचे पालक तक्रार करू लागले की शिकवणाऱ्याचं बोलणं कळत नाही. मग राज्यांनी कायदे केले. पेनसिल्व्हेनियात १९९० पासून संस्थेला शिकवणाऱ्याच्या इंग्रजीची खात्री करून तसं प्रमाणित करावं लागतं. म्हणजे तुमचे प्रोफेसर कितीही खूश असले तरी हा भाग त्यांच्या हातात नसतो.

आता परीक्षेत काय होतं ते बघू. बऱ्याच ठिकाणी छोटा वर्गच घ्यायला लावतात. पाच-दहा मिनिटं, फळा, आपल्या विषयातली एक प्राथमिक कल्पना. समोर परीक्षक विद्यार्थी बनून बसतात आणि मध्येच प्रश्न विचारतात. शिवाय सिलॅबसमधला बदल वर्गाला सांगणं, आलेख समजावणं, ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे शंका विचारायच्या ठरलेल्या वेळेत, आलेल्या विद्यार्थ्याशी बोलणं अशी कामं असू शकतात.

अमेरिकन उच्चारांची नक्कल करायची गरज नाही. कृपा करून त्या क्लासेसवर पैसे घालवू नका. आपला मराठी वळणाचा उच्चार चालतो. पण कळायला अडथळा येईल अशा काही जागा आहेत, तिथे मात्र मेहनत घ्यायचीच.

पहिली जागा म्हणजे गणिताची भाषा. इंजिनीअरिंगची मुलं इथेच सगळ्यात जास्त अडकतात, कारण आपण चुकतोय हे कळतच नाही. आपण 'टू इंटू सिक्स' म्हणतो, म्हणजे गुणाकार, बारा. अमेरिकन विद्यार्थ्याच्या डोक्यात 'टू इंटू सिक्स' म्हणजे सहाला दोनने भागा, तीन! तुम्ही फळ्यावर बारा लिहिता आणि अख्खा वर्ग गोंधळतो. तिथे 'टू टाइम्स सिक्स' म्हणायचं. 'ए बाय बी' म्हटलं की त्यांना मॅट्रिक्सचा आकार आठवतो, थ्री बाय फोर. भागाकाराला 'ए ओव्हर बी'. 'अंडर रूट एक्स' तिथे कुणी म्हणत नाही, 'स्क्वेअर रूट ऑफ एक्स' म्हणा. गोल कंसाला 'पॅरेंथेसिस', झेडला 'झी', मार्क्सना 'पॉइंट्स'. लाख-कोटी तर पूर्ण बंद. लाख म्हणजे 'हंड्रेड थाउजंड'.

दुसरी जागा, शब्दातला जोर. मराठीत शब्दाच्या कुठल्याही अक्षरावर जोर दिला तरी अर्थ बिघडत नाही, म्हणून आपल्या कानाला ही सवयच नाही. इंग्रजी ऐकणारा मात्र जोरावरून शब्द ओळखतो. 'पॅरामीटर'मध्ये आपण 'मी' ताणतो, जोर हवा दुसऱ्या अक्षरावर, प-रॅ-मिटर. 'हायपॉथेसिस'मध्ये 'पॉ'वर. 'कंपोनंट'मध्ये 'पो'वर. 'ॲनॅलिसिस'मध्ये 'नॅ'वर, पण 'ॲनलाइझ'मध्ये पहिल्या 'ॲ'वर. तुमच्या विषयातले नेहमीचे चाळीस-पन्नास शब्द वहीत काढा, ऑनलाइन डिक्शनरीत ऐका आणि जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. पहिल्या सेमिस्टरला हे शब्द रोज लागतात, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही.

तिसरी, 'व'. मराठीत एकच 'व' आहे, इंग्रजीत दोन. 'वेव्ह व्हेक्टर' म्हणून बघा. 'वेव्ह'च्या सुरुवातीला ओठ गोल. 'व्हेक्टर'ला वरचे दात खालच्या ओठावर. फिजिक्सवाल्यांनी हे आरशासमोर करा.

वेगाबद्दल थोडक्यात. प्रत्येक शब्द सावकाश बोलू नका, ते ऐकायला त्रासदायक होतं. वाक्याचे तुकडे पाडा आणि तुकड्यानंतर थांबा. फळ्यावर लिहिताना बोलू नका, कारण पाठ वर्गाकडे असते आणि आवाज भिंतीला जातो. लिहा, वळा, मग बोला.

माझ्या मते सगळ्यात जास्त गुण जातात ते प्रश्नांच्या वेळी. परीक्षक विचारतो, 'हाऊ कम द साइन फ्लिप्स?' 'हाऊ कम' म्हणजे 'का'. मुलं 'कसं' समजतात आणि पूर्ण रीत पुन्हा सांगत बसतात. 'कॅन यू गो ओव्हर नंबर थ्री?' म्हणजे तिसरं गणित समजावून सांगा. प्रश्न कळला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नका. आपल्या शब्दांत परत म्हणा, 'यू मीन, व्हाय डझ द साइन चेंज इन धिस स्टेप?' यात कमीपणा नाही, वर्ग सांभाळता येतो याची ती खूण आहे. आणि शेवटी 'अंडरस्टुड?' विचारू नका, सगळे मान डोलावतात. 'एक्स निगेटिव्ह असता तर काय झालं असतं?' असं नेमकं काहीतरी विचारा.

सराव कसा करायचा? सोसायटीतला अकरावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी शोधा. स्टेशनरीच्या दुकानातून छोटा व्हाइटबोर्ड आणा. पाच मिनिटांत एकच कल्पना इंग्रजीत शिकवा आणि त्याला सांगून ठेवा की किमान तीनदा मध्ये तोड, तेही आडवेतिडवे प्रश्न विचारून. फोन समोर ठेवून रेकॉर्ड करा. पहिल्यांदा ऐकताना फक्त जोर तपासा, दुसऱ्यांदा फक्त थांबे. ठाणे-वाशी लोकलमध्ये हे रेकॉर्डिंग ऐकता येतं, सराव मात्र शांत खोलीतच करा.

आणि नापास झालात तर? बहुतेक ठिकाणी घरी पाठवत नाहीत. विद्यार्थ्यांसमोर उभं राहायचं काम बंद होतं, पेपर तपासायचं किंवा पडद्यामागचं काम मिळू शकतं, एका सेमिस्टरचा इंग्रजीचा कोर्स लावतात आणि पुन्हा परीक्षा होते. पण दुसरं काम मिळेलच असं नाही, आणि एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. त्यामुळे इकडचा तोटा तिकडे सहज भरून निघत नाही.

म्हणून ऑफर स्वीकारायच्या आधीच डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट को-ऑर्डिनेटरला ई-मेल टाका. परीक्षा कोणती, तारीख कोणती, किती स्कोअरला सूट, किती वेळा देता येते, आणि पहिल्यांदा पास झालं नाही तर त्या सेमिस्टरचा स्टायपेंड आणि ट्यूशनमाफी चालू राहते का, हे पाचही प्रश्न एकाच मेलमध्ये विचारा. उत्तर लेखी घ्या. परीक्षा ऑगस्टमध्ये सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात असेल, तर विमानाचं तिकीट त्या हिशोबाने काढा. आदल्या रात्री उतरून जेटलॅगमध्ये फळ्यासमोर उभं राहावं लागू नये.