ऐकणाऱ्याचा वाटा

(दृश्य: एकाच वाक्याचे दोन ध्वनिलेख, म्हणजे आवाजाची रेखाचित्रं, एकाखाली एक)

वाक्य एकच आहे, बोलणारी माणसं दोन. वरच्या लेखात स्वर आखूड आहे, खालच्यात तोच लांबलाय. आणि ऐकताना आपल्याला शब्दाशब्दांत जी फट जाणवते, ती दोन्ही लेखांत बहुतेक ठिकाणी नाहीच. बोलणं सलग वाहतं. ते तोडून शब्द वेगळे काढतो तो ऐकणाऱ्याचा मेंदू. हेल ओळखीचा असला की हे काम इतकं झटपट उरकतं, की ते चाललंय याचा पत्ताही लागत नाही.

(दृश्य: आईच्या मांडीवरचं बाळ, बाजूला खेळणं)

ध्वनी बदलला की मान वळवायची, मग खेळणं नाचतं. बाळाला एवढंच शिकवलेलं असतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी याच पद्धतीनं कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली बाळं तपासली. त्यांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी फरक ओळखला, १० ते १२ महिन्यांच्या फार थोड्यांनी. १९८४ साली हे प्रसिद्ध झालं. धड बोलता येण्याआधीच कानाला घरच्या भाषेचं वळण लागतं.

(दृश्य: डोळ्याचा क्लोज-अप)

प्रकाश तेवढाच आहे, तरी बाहुली रुंदावतेय. परक्या हेलातलं वाक्य अगदी बरोबर समजलं, तरीही ती जास्त रुंदावते, असं मोजमापात आढळलंय. मेंदूवर ताण आला की बाहुली रुंदावते. म्हणजे समजलं खरं, पण मेंदूला जादा राबावं लागलं. या थकव्याचं खापर आपण फार चटकन बोलणाऱ्याच्या माथी फोडतो. ते अन्यायाचं आहे, कारण मेंदूला हे कष्ट कमी करता येतात.

(दृश्य: हेडफोन लावलेली तरुणी, बोटं दोन बटणांवर)

कसे, ते डेनिस नॉरिस, जेम्स मॅक्वीन आणि ॲन कटलर यांनी २००३ साली दाखवलं. ऐकणारे डच होते. 'फ' आणि 'स' यांच्या अधलामधला एक ध्वनी मुद्दाम तयार केला. एका गटाला तो अशा शब्दांत ऐकवला, जिथे 'फ'च बसतो. दुसऱ्याला, जिथे 'स'च बसतो. लांबलचक यादीत असे शब्द होते जेमतेम २०. पुढे तसे संदिग्ध ध्वनी सुटे ऐकवले, तेव्हा पहिला गट त्यांना जास्त वेळा 'फ' म्हणू लागला, दुसरा 'स'. कुणी काही समजावलं नव्हतं. शब्द ओळखीचे होते, तेवढ्या आधारावर मेंदूनं दोन ध्वनींमधली सीमाच सरकवली.

आणि याला फार वेळ लागत नाही. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांच्या २००४ च्या प्रयोगांत, परका हेल कानावर पडू लागल्यापासून मिनिटाभरातच ऐकणाऱ्यांचा वेग सुधारला. ॲन ब्रॅडलो आणि टेसा बेंट यांनी २००८ साली आणखी मोलाची गोष्ट दाखवली: एका हेलाचे अनेक आवाज ऐकलेल्यांना त्याच हेलाचा नवखा माणूसही जास्त समजतो.

ही सवय लावून घेणं महत्त्वाचं, कारण मुलाखतीत, न्यायालयात, दवाखान्यात हेलामुळे माणसाच्या शब्दाचं वजन घटू शकतं.

(दृश्य: ओठ, परक्या हेलाची नक्कल करत एकेक वाक्य म्हणताना)

ही नक्कल चेष्टेची नाही. २०१० साली पॅटी अडांक आणि सहकाऱ्यांनी स्वरांची अदलाबदल करून डच भाषेचा एक नवाच हेल बनवला. काहींनी तो नुसता ऐकला, काहींनी ऐकलेलं लिहून काढलं, काहींनी आपल्याच उच्चारात पुन्हा म्हटलं. काहींनी मात्र जसंच्या तसं, त्याच हेलात म्हणून पाहिलं. नंतर गोंगाटातून तो हेल आधीपेक्षा चांगला समजू लागला तो या नक्कल करणाऱ्यांना.