चेस्टर आर्थर आणि वशिल्याच्या नोकऱ्या

पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या चेस्टर आर्थरची गोष्ट न्यूयॉर्कच्या कस्टम हाउसमधून, म्हणजे बंदरावरच्या जकात कचेरीतून सुरू करावी, असा माझा आग्रह आहे. १८७१ साली अध्यक्ष ग्रँट यांनी त्याला तिथला कलेक्टर, म्हणजे जकातीचा प्रमुख नेमलं. देशाच्या एकूण जकातीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग या एका बंदरात गोळा व्हायचा. हाताखाली सुमारे हजार माणसं, बहुतेक सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाच्या शिफारशीने लागलेली. निवडणूक आली की त्यांच्या पगारातून पक्षासाठी ठरावीक टक्के वर्गणी निघायची, आणि न देणाऱ्याची नोकरी धोक्यात यायची.

आता फेल्प्स डॉज या धातूच्या व्यापारी पेढीचं प्रकरण ऐका. दंडाच्या वाटणीची पद्धत इतकी नेमकी दुसरीकडे दिसत नाही. १८७२-७३मध्ये बीजकांत मालाची किंमत कमी दाखवल्याचा आरोप पेढीवर झाला. बुडालेली जकात दोन हजार डॉलरच्याही आत होती. पण बीजकातली एक बाब चुकली तरी सगळा माल जप्त करण्याची कायद्यात मुभा होती, म्हणून पेढीने घाबरून २,७१,०१७ डॉलर भरले. निम्मे सरकारला, पाव हिस्सा खबर देणाऱ्याला, उरलेला पाव कलेक्टर, नेव्हल ऑफिसर आणि सर्व्हेअर या कस्टम हाउसच्या तीन बड्या अधिकाऱ्यांत समान. आर्थरच्या वाट्याला सुमारे २२ हजार आले! तपासणाऱ्यालाच दंडात हिस्सा असेल, तर तो चूक शोधणार की चूक वाढवणार? १८७४मध्ये संसदेने ही वाटणी बंद केली. १८७८मध्ये अध्यक्ष हेस यांनी आर्थरला पदावरून दूर केलं.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपतोय. मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

२ जुलै १८८१ रोजी नोकरीच्या आशेने हिंडणाऱ्या गिटोने अध्यक्ष गारफील्डवर गोळी झाडली. सप्टेंबरमध्ये ते गेले आणि उपाध्यक्ष आर्थर अध्यक्ष झाला. १८८२च्या निवडणुकीत पक्षाला फटका बसला, तेव्हा संसदही हलली. १६ जानेवारी १८८३ला आर्थरने सरकारी नोकऱ्या वशिल्याऐवजी परीक्षेने देणाऱ्या पेंडल्टन कायद्यावर सही केली. मसुदा डॉर्मन ईटन या सुधारणावादी वकिलाचा. त्याने आधी ब्रिटिश सनदी सेवेचा अभ्यास केला होता. तिथली स्पर्धापरीक्षा १८५५मध्ये हिंदुस्थानातल्या नोकऱ्यांसाठीच प्रथम सुरू झाली, हे आपल्याला ठाऊक आहे.

कायद्यात तीन सदस्यांचा आयोग, एका पक्षाचे दोनांहून जास्त नाहीत, स्पर्धापरीक्षा, नेमणूक पक्की होण्याआधी उमेदवारीचा काळ, वर्गणीच्या सक्तीला बंदी. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के नोकऱ्या यात आल्या. कायदा तोकडा होता म्हणणारे टीकाकार इथेच थांबतात, आणि मला ते पटत नाही. अध्यक्षाला केवळ हुकमाने व्याप्ती वाढवता येत होती. मावळता अध्यक्ष आपली माणसं टिकावीत म्हणून त्यांच्या जागा परीक्षेच्या कक्षेत आणायचा, आणि पुढच्या भरतीला तीच परीक्षा लागू व्हायची. स्वार्थानेच सुधारणा पुढे ढकलली. १८९६पर्यंत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास पोचलं.

उणीव राहिली ती काढून टाकण्याबाबत. प्रवेशाला परीक्षा होती, पण बडतर्फीला कारण द्यावं लागत नव्हतं. ती फट अध्यक्ष मॅकिन्ली यांनी १८९७च्या हुकमाने बुजवायला घेतली.