परत बोलावता येईल का?

श्रोतेहो, नमस्कार.

रक्तातली तांबडी पेशी गोल आणि मऊ असते. बारीकातल्या बारीक केशवाहिनीतूनही ती अंग आवळून निघून जाते. सिकल सेल आजारात हीच पेशी कोयत्यासारखी वाकते, ताठ होते आणि वाटेत अडकते. जिथे अडकते तिथे रक्त पोहोचत नाही, आणि मग अशा वेदना उठतात की माणूस दिवसच्या दिवस अंथरुणाला खिळतो. हे सगळं कशामुळे? माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरं आहेत. त्यातलं हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं, म्हणून.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने या आजारावर जनुक संपादनाचा, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापून बदलण्याचा, पहिला उपचार मंजूर केला. त्यात ते चुकीचं अक्षर दुरुस्त करत नाहीत. आपण आईच्या पोटात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, आणि जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणं बंद करतं. ते बंद करणारं एक बटण आहे. रुग्णाच्या रक्त घडवणाऱ्या मूलपेशी बाहेर काढून त्यांच्यातलं हे बटण निकामी करतात आणि पेशी पुन्हा शरीरात सोडतात. जन्मापूर्वीचं हिमोग्लोबिन परत वाहू लागतं आणि पेशी वाकायच्या थांबतात. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. शरीराने बाळपणी बाजूला ठेवलेली वस्तू तिथेच होती, ती शोधून पुन्हा हातात दिली.

हे बटण ज्या कात्रीने कापतात ती, म्हणजे क्रिस्पर, मुळात माणसाची नाहीच. आपल्यावर हल्ला करणाऱ्या विषाणूचा एखादा तुकडा जिवाणू जपून ठेवतात, आणि तोच विषाणू पुन्हा आला की ओळखून कापतात. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की या कात्रीला हवा तो पत्ता देता येतो. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. शोधापासून मंजूर झालेल्या उपचारापर्यंत अवघी अकरा वर्षं लागली.

पण या उपचाराआधी जबर केमोथेरपी देऊन रुग्णाची जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. अमेरिकेत या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली. सिकल सेलचे सर्वाधिक रुग्ण आफ्रिकेत आहेत. ही गोष्ट पुढे कधीतरी बघू म्हणून सोडून देण्याजोगी नाही. ज्यांच्या रक्ताने हा आजार वाहिला, त्यांच्यापर्यंत औषध पोहोचत नसेल, तर काम अर्धंच झालंय.

आता धोक्याबद्दल. नव्या विज्ञानाची कोणतीही बातमी आली की मी एक प्रश्न विचारते: हे बिघडलं, तर परत बोलावता येईल का? सिकल सेलच्या उपचारात कात्री चालते ती एका माणसाच्या रक्तपेशींवर. चूक झालीच तर ती त्या माणसापाशी थांबते. तिची किंमत कमी असते असं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत जनुकोपचाराच्या एका चाचणीत अठरा वर्षांचा जेसी गेल्सिंगर दगावला आणि त्या क्षेत्राचं काम कित्येक वर्षं मागे पडलं. तरीही ती चूक मुलाबाळांमध्ये उतरत नाही.

चीनमधल्या हे जियानकुई या संशोधकाने २०१८ मध्ये हीच सीमा ओलांडली. त्याने गर्भाच्या पेशींमध्ये बदल केले आणि जुळ्या मुली जन्माला आल्या. हा बदल त्यांच्या प्रत्येक पेशीत, उद्या त्यांच्या मुलांतही जाऊ शकतो. त्याला तीन वर्षांची कैद झाली. पण कैद झाली म्हणून त्या मुलींच्या शरीरातला बदल परत घेता येत नाही, आणि तो करण्यापूर्वी त्यांना विचारणंही शक्य नव्हतं.

शेती आणि जनावरांकडे वळू. शिंगं असलेल्या गाईगुरांना वासरूपणीच शिंगांच्या जागी डागतात, आणि ते वासराला फार दुखतं. म्हणून जनुक संपादनाने बिनशिंगी वळू तयार केले गेले. हेतू चांगला होता. बनवणाऱ्यांनी सांगितलं की हवा तेवढाच बदल झाला आहे, बाकी काही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांनी त्याच वळूंच्या जनुकसंचाची माहिती पुन्हा तपासली, तर संपादनासाठी वापरलेल्या जिवाणूच्या डीएनएचा तुकडा वळूत राहून गेला होता. त्यात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही होती. त्यातल्या एका वळूच्या काही वासरांतही तो तुकडा उतरला. कुणी फसवलं नव्हतं. बनवणारे ज्या ठिकाणी शोधत होते, त्या ठिकाणी तो तुकडा नव्हता, एवढंच. म्हणून मला वाटतं, बनवणाऱ्याने दिलेल्या खात्रीपेक्षा दुसऱ्या कुणाला कच्ची माहिती उघडून पाहता येते की नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे.

आणि शेतीत धोका नेहमी कात्रीत असतो असंही नाही. अमेरिकेत संकरित मक्याचं बियाणं करताना हाताने तुरे खुडावे लागत. परागच न धरणारा एक वाण सापडला आणि ती मेहनत वाचली. १९७० पर्यंत तिथल्या बहुतेक संकरित मक्यात हाच एक गुण शिरला होता. त्याच वर्षी करप्याची बुरशी आली आणि देशातलं सुमारे पंधरा टक्के मक्याचं पीक गेलं. तुरे खुडण्याचा त्रास ज्या जनुकाने वाचवला, त्याच जनुकाने बुरशीच्या विषाला दार उघडून दिलं होतं. यात जनुक संपादन कुठेच नव्हतं. सगळीकडे एकच गोष्ट पेरली, एवढंच झालं होतं. आता चांगले गुण झटपट घडवता येतात, त्यामुळे हा मोह वाढणार आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न डासांचा आहे. मलेरियाने जगात दरवर्षी सुमारे सहा लाख माणसं मरतात, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. एरवी एखादं जनुक निम्म्या संततीत उतरतं. जीन ड्राइव्ह नावाच्या योजनेत ते स्वतःची नक्कल करून जवळजवळ सगळ्या संततीत उतरतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २०१८ साली पिंजऱ्यातल्या डासांवर हा प्रयोग झाला. माद्या नापीक होत गेल्या आणि सात ते अकरा पिढ्यांत पिंजरा ओस पडला. मरणाऱ्या मुलांचा विचार केला की वाटतं, आजच सोडावेत हे डास. पण पिंजऱ्याबाहेर सोडलेल्या डासाला सरहद्द नसते.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशात, बाना गावात २०१९ मध्ये जनुक बदललेले नापीक नर सोडले गेले. त्यांच्यात जीन ड्राइव्ह नव्हता. आधी कित्येक वर्षं गावकऱ्यांशी बोलणी चालली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने तो प्रकल्प थांबवला. तो थांबवता आला, कारण सोडलेल्या डासांत ती योजना अजून घातलेली नव्हती. मलेरिया मात्र तिथे आजही आहे.

नमस्कार.