दंड नको, कोपर द्या

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या आषाढातली गोष्ट. दादरला फास्ट लोकलच्या फलाटावर उभा होतो. जायचं होतं अंधेरीला. दिव्यांगांच्या डब्याची जागा कळावी म्हणून फलाटावर बीप-बीप वाजत असतं, त्याच्या खालीच होतो. गाडीचा धडधडाट आला आणि एका भल्या माणसाने माझा दंड धरला. "चला काका, आली गाडी!" म्हणत त्याने मला ओढत नेलं आणि दिसेल त्या डब्यात कोंबलं. गाडी होती विरार फास्ट. त्या गर्दीतून अंधेरीला उतरणं डोळस माणसालाही जमत नाही, मला काय जमणार? उतरलो बोरिवलीला. तो माणूस मात्र पुण्य जोडल्याच्या आनंदात घरी गेला असेल.

माझी नजर हळूहळू गेली. रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी रातांधळेपणा, मग कडेचं दिसेनासं होतं, आणि शेवटी नळीतून पाहिल्यासारखं राहतं. तरी मी दोन वर्षं काठी घेतली नाही. चाळीत लोक काय म्हणतील, हीच भीती. रस्त्यात कुणाला धक्का लागला की ऐकू यायचं, "दिसत नाही का?" खरं उत्तर देण्याची हिंमत नव्हती.

काठी हातात आली तेव्हा कळलं, ती भार टाकून टेकायची नसतेच. ती लांब हवी, साधारण छातीच्या हाडापर्यंत, आणि हलकी. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी ही पद्धत बसवली. डावा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक उजवीकडे टेकतं. म्हणजे उजवा पाय जिथे पडणार, ती जागा आधीच तपासून होते. ऐकायला सोपं वाटतं. माझी लय बसायला महिने गेले, नडग्या फुटल्या त्या वेगळ्याच.

काठी जमिनीचं सगळं सांगते: पायरी, खड्डा, फलाटाची कड. कमरेच्या वरचं तिला कळत नाही. दुकानाचा लटकता बोर्ड, टेम्पोची उघडी फळी, झाडाची वाकलेली फांदी, हे सगळं कपाळानेच मोजायचं. त्यासाठी आयआयटी दिल्लीने स्मार्टकेन बनवली, 2014 साली ती बाजारात आली. वटवाघळासारखे ध्वनितरंग सोडून ती गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा ओळखते आणि मुठीत थरथरते. दादरच्या गर्दीत मात्र ती थरथरतच राहते. बिचारी तरी काय करणार!

आणि पाऊस! लोकांना वाटतं अंधांचे कान देवाने तीक्ष्ण केलेले असतात. कान तेच असतात हो, आम्ही लक्ष देऊन ऐकायला शिकतो. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की तेही संपतं. रिक्षा कुठून येतेय, वळण कुठे आहे, काही कळत नाही. एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री. मग कठडा धरायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून मी रेनकोट घालतो, तोही टोपीशिवाय, कारण टोपीने कान झाकले जातात. डोकं भिजतं. भिजू दे. विजेवरच्या बसगाड्यांबद्दल तर बोलायलाच नको. चांगल्याच आहेत, पण येतात मांजरासारख्या.

घरात फारसं अडत नाही. इंडक्शनच्या गुळगुळीत बटणांवर बायकोने टिकल्या चिकटवल्यात. साखरेच्या डब्याला एक रबरबँड, मिठाच्या डब्याला दोन. नोटांची लांबी वेगवेगळी असते, शंभराची 142 मिलिमीटर, पाचशेची 150. कडेला उठावाच्या रेघाही असतात, पण कोळणीच्या हातून आलेल्या ओल्या नोटेवर त्या कुठल्या लागायला! मग रिझर्व्ह बँकेचं मनी अॅप नोट ओळखून किती रुपयांची ते सांगतं. फोनवर टॉकबॅक आहे, ते पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतं. आणि गंमत बघा, वाण्याकडे पैसे आल्याचं सांगणारा तो स्पीकर वाण्यासाठी बसवलाय, पण "वीस रुपये प्राप्त झाले" हे ऐकून माझीही खात्री होते. याउलट काही दुकानांत कार्डाचं मशीन पुढे येतं, नुसती सपाट काच. पिन टाकायचा कसा? तो दुकानदाराला सांगावा लागतो. भर दुकानात, मोठ्याने!

तुम्ही म्हणाल, मग मदत करायची की नाही? करा की! मुंबईत मदतीशिवाय कुणाचं चाललंय? फक्त आधी विचारा, "कुठे जायचंय?" मग दंड पकडू नका, तुमचं कोपर पुढे करा. ते मी धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो. तुमचं कोपर खाली गेलं की मला कळतं पायरी आली. तुम्ही वळलात की मीही वळतो. आणि सोडून जाताना सांगा हो. परवा एक जण निघून गेला आणि मी पाच मिनिटं खांबाशी राजकारणावर बोलत होतो.

सध्या माझ्या काठीचं टोक झिजलंय, फरशीवर खरखरतंय. उद्या वरळीला नॅबमध्ये, म्हणजे अंधांच्या राष्ट्रीय संस्थेत, जाऊन नवीन टोक घ्यायचंय. पाऊस नसला तर एकटाच जाईन. असला तर प्रभादेवी स्टेशनबाहेर कुणाचं तरी कोपर शोधेन.

नमस्कार.