बटण दाराजवळ, लॅम्प कोपऱ्यात

ही जी झिऱ्या मारलेली भिंत दिसतेय ना, तिला अजून प्लास्टर व्हायचंय, आणि हॉलमधले लॅम्प कुठे लागणार हे आत्ताच ठरवायला हवं, सोफा घरात आल्यावर नाही. कारण बहुतेक फ्लॅटमधे सॉकेट सोफ्यामागे आणि बटणही त्याच बोर्डावर, मग रोज संध्याकाळी वाकून मागे हात कोण घालणार, लॅम्प नुसता शोभेला उरतो आणि परत वरची पांढरी ट्यूबच.

इथे वायरमननं काय केलंय बघा. लाल वायर, म्हणजे फेज, जिच्यातून करंट येतो ती, आधी दाराजवळच्या बोर्डात बटणाला आणली, बटणातून निघालेली वायर पाईपमधून कोपऱ्यातल्या सॉकेटला. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, आणि हिरवी अर्थ मात्र कुठल्याही बटणात न जाता सरळ सॉकेटला. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 6 अँपिअरचं सॉकेट, लॅम्पला भरपूर झालं. समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं.

आता बटण फेजवरच का, हे नीट समजून घ्या. टेबल लॅम्पची पिन बऱ्याचदा टू-पिन असते, उलटसुलट कशीही बसते, त्यामुळे लॅम्पच्या वायरीवरचं ते छोटं बटण कधी फेज तोडतं तर कधी न्यूट्रल, आणि न्यूट्रल तुटलं की दिवा विझतो पण होल्डरमधे फेज तसाच, आणि आपण दिवा बंद आहे म्हणून बिनधास्त बल्ब बदलायला जातो! भिंतीतलं बटण फेजवर असेल तर ते बंद केल्यावर, पिन कशीही लावा, सॉकेटपर्यंत फेज येतच नाही. काम झाल्यावर वायरमनला समोर टेस्ट करायला लावा, बटण बंद, टेस्टर उजव्या भोकात, लख्ख पेटला तर बोर्ड परत उघडायचा, पैसे त्यानंतर.

ब्रिटनमधे 1947 पासून चौकोनी पिनांचं 13 अँपिअरचं सॉकेट आलं, तरी काही घरांत लॅम्पसाठी अजून गोल पिनांचं 2 किंवा 5 अँपिअरचं वेगळं सॉकेट देतात, म्हणजे त्यात व्हॅक्युम क्लीनर बसतच नाही. आपलं छोटं थ्री-पिन त्याच जुन्या गोल पिनांच्या घराण्यातलं, पण आपल्याकडे त्यात बाकीच्याही बऱ्याच छोट्या वस्तू बसतात, म्हणून शेजारी स्वतःचं बटण असलेलं दुसरं सॉकेट काढाच, नाहीतर राऊटर लॅम्पच्या सॉकेटला लागतो आणि रात्री दाराजवळचं बटण बंद केलं की वायफायही जातं.

फर्निचर ठरलं नसेल तर दोन्ही कोपऱ्यांत पाईप टाकून ठेवा, रंग लावलेली भिंत नंतर फोडायला जीव होत नाही.